बेळगावचं पार्सल आणि ४० लाखांची मर्यादा

कोल्हापुरात घरून मसाले विकणाऱ्या वहिनींची वर्षाची विक्री १२ लाख, त्यांना जीएसटी नोंदणी लागेल का, असा मूळ प्रश्न. वर उत्तर आलंय, "२० लाखांपर्यंत निर्धास्त राहा." ते अर्धंच बरोबर आहे.

फक्त माल विकणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात मर्यादा ४० लाख आहे, १ एप्रिल २०१९ पासून. २० लाख ही सेवांची. पण वहिनींनी मसाल्यांसोबत फी घेऊन पाककृतींचे वर्ग सुरू केले, की "फक्त माल" राहत नाही आणि सगळं मिळून मर्यादा २० लाखांवर येते. आणि हिशेब पॅनवर होतो, दुकानावर नाही. एकाच पॅनवर दोन धंदे असतील तर बेरीज एकच, करमाफ मालाची विक्रीसुद्धा त्यातच.

खरी मेख पुढेच आहे. बेळगावच्या नणंदेच्या मैत्रिणीला पाच किलो कांदा-लसूण मसाला विकून कुरिअर केला, तर माल राज्याबाहेर गेला. मग विक्री १२ लाख असो वा १२ हजार, नोंदणी आधी हवी. आमच्या ओळखीतल्या एका चकलीवाल्या काकू नेमक्या इथेच अडकल्या. रत्नागिरीला पाठवलेलं चालतं, दोन तासांवरच्या बेळगावला नाही, हे त्यांना अजून पटलेलं नाही.

ऑनलाइन अ‍ॅपवरून राज्यातल्या राज्यात विकायचं असेल तर १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणीशिवाय चालतं, फक्त जीएसटी पोर्टलवरून पॅनच्या आधारे नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो.

आणि नोंदणी नसताना बिलावर जीएसटी लावू नका हो, काहीजण हौसेने लावतात.