मदत हवी आहे: मृत्युपत्रावरची सही तज्ज्ञाकडे आता पाठवता येईल का?

वाटपाचा दावा 2022 पासून चालू आहे. चुलत्यांनी आजोबांचं 2017 चं, नोंदणी न केलेलं मृत्युपत्र हजर केलंय. सही आजोबांची नाहीच, हे आमचं ठाम म्हणणं. झेरॉक्सवरून खासगी हस्ताक्षरतज्ज्ञाचं मत घेतलं, पण मूळ कागद न पाहता दिलेलं मत टिकणार नाही असं वकील म्हणतात आणि ते पटतं. मूळ मृत्युपत्र कोर्टात जमा आहे. तुलनेसाठी आजोबांचं 2016 चं नोंदणीकृत खरेदीखत आहे. दावा 2024 मध्ये नवा पुरावा कायदा लागू होण्याआधीचा, म्हणून 1872 चाच पुरावा कायदा, कलम 45 (तज्ज्ञाचं मत).

अडचण अशी, की आमचा पुरावा नोंदवून संपलाय, प्रतिवादींचा उलटतपास सुरू आहे. तडजोड फसली. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 26 नियम 10-अ (शास्त्रीय तपासणीसाठी कमिशन नेमणं) खाली इतक्या उशिरा केलेला अर्ज कुणाचा मंजूर झालाय का? उशिराचं कारण काय दिलं होतं?