मदत हवी आहे: थंडी पडल्यापासून मांजर पहाटे गळ्याशी येऊन झोपते

शेवंती
नाशिक, फ्लॅट. देशी भाटी, ३ वर्षांची, ३.८ किलो, नसबंदी आणि लसीकरण झालेलं, घराबाहेर जात नाही. जेवण सकाळी ८ आणि रात्री ८, सगळं शिजवलेलं किंवा पाकिटातलं. आधी पायथ्याशी झोपायची. दिवाळीनंतर रोज पहाटे ४ च्या सुमारास छातीवर चढते, हनुवटीला डोकं घासते, पुढच्या पंजांनी पांघरुणावर कणीक मळल्यासारखं करते आणि मग गळ्याशी मुटकुळं करून झोपते. घुरघुर चालूच. खाणं-पिणं, शी-शू नेहमीसारखं.
१) ही ऊब, भूक, माया की दुखणं?
२) तिला न दुखावता गळ्यापासून बाजूला कसं न्यायचं?
३) घरात पाचवा महिना चालू असलेली सून आहे. मोठी माणसं मांजर देऊन टाका म्हणताहेत. नेमकी माहिती हवी आहे.

जुनाबोका
डोकं घासणं, मळणं आणि गळ्याशी झोपणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. वेगवेगळ्या बघितल्या तर उत्तर सापडतं.

मांजराच्या गालावर, हनुवटीवर, कानाच्या पुढे आणि शेपटीच्या मुळाशी वासाच्या ग्रंथी असतात. एकत्र राहणारी मांजरं एकमेकांना अंग घासून सगळ्यांचा मिळून एक वास करतात, आणि तुम्हाला ती त्याच टोळीत धरते. तुम्ही नवा साबण वापरलात किंवा बाहेरून आलात की हे घासणं वाढतं, कारण तो वास पुन्हा लावावा लागतो.

मळणं पिल्लूपणातलं आहे. दूध पिताना पिल्लं आईच्या पोटावर पंजे दाबतात, त्याने दूध उतरतं. मोठेपणी मऊ, उबदार कापड लागलं की तीच हालचाल परत येते. नखं टोचतात म्हणून पंजा झटकू नका. दर २-३ आठवड्यांनी नखाचं फक्त टोक, १-२ मिलिमीटर, कापा. आतला गुलाबी भाग सोडा, तिथे रक्तवाहिनी असते.

गळ्याचं कारण मात्र मुख्यतः ऊब. मांजराच्या शरीराचं तापमान ३८ ते ३९ अंश असतं. अंगातली ताकद जास्तीची न जाळता ते टिकवायला भोवतालची हवा ३० अंशांच्या वर लागते. नाशिकच्या डिसेंबरात पहाटेची खोली त्याच्या कितीतरी खाली असते. पाय पांघरुणात असतात आणि हलतात. गळा उघडा, गरम आणि स्थिर असतो. तिने जागा अचूक निवडली आहे.

पण ऊब आहे म्हणजे माया नाही, असं समजू नका. अमेरिकेतल्या ओरेगॉन स्टेट विद्यापीठाने २०१९ मध्ये ७० पिल्लांवर प्रयोग केला. अनोळखी खोलीत २ मिनिटं पालकासोबत, २ मिनिटं एकटं, मग पुन्हा २ मिनिटं पालकासोबत. सुमारे ६४ टक्के पिल्लं पालक परतल्यावर निवांत झाली आणि पुन्हा खोलीत फिरू लागली. हे लहान मुलांच्या ओढीसारखंच आहे. ऊब गरम पाण्याच्या पिशवीतूनही मिळते. ती तुमच्याकडे येते, कारण तिथे तिला सुरक्षित वाटतं.

पाऊलवाट
भूक वगळू नका. रात्री ८ ते सकाळी ८ म्हणजे १२ तास. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाने २००९ मध्ये दाखवलं की खाणं मागताना काही मांजरांच्या घुरघुरीत एक बारीक, रडण्यासारखा उंच सूर मिसळतो. नुसत्या समाधानाच्या घुरघुरीत तो फारच मंद असतो. तीन रात्री लक्ष ठेवा: तुम्ही उठलात की ती आधी वाटीकडे धावते, की तुमच्याच जागेवर गोल होऊन झोपते? वाटी म्हणजे भूक, अंथरूण म्हणजे ऊब.

पहाटे उठून खायला घालू नका. दोन दिवसांत ती ४ ऐवजी ३ ला येऊ लागेल. त्याऐवजी दिवसाचं खाणं तेवढंच ठेवून त्यातला एक तृतीयांश रात्री १०:३० ला द्या, आणि त्याआधी १० मिनिटं काठीला बांधलेल्या पिसाने पळवा. खेळ झाला की दोरा कपाटात ठेवा. गिळला तर आतड्यात अडकतो.

निशिगंध
दुसऱ्या प्रश्नासाठी: तिला ढकलू नका, ऊब दुसरीकडे न्या.

साधारण ४० बाय ३० सेंटिमीटरचा खोका, एका बाजूला फक्त तिच्या अंगाएवढं तोंड. तळाला थर्माकोल, त्यावर पुठ्ठा चिकटवा, नाहीतर ती कुरतडते. वर घडी केलेली गोधडी आणि तुमचा दोन दिवस घातलेला, न धुतलेला सुती सदरा. खोका उशीच्या उंचीला, हाताच्या अंतरावर ठेवा. जमिनीवर ठेवलेला बहुतेक वेळा फसतो: फरशी गार, आणि तिथून तुमचा चेहरा दिसत नाही.

गरम पाण्याच्या पिशवीवर विसंबू नका. ११ ला भरलेली ४ ला गार पडते, आणि गार रबर उलट ऊब ओढून घेतं. माणसांचा विजेवर चालणारा शेक तर नकोच, वायर चावतात आणि भाजतं. पेटीतून काढलेली गोधडी डांबर गोळ्यांच्या वासाची असेल तर आधी धुऊन दोन दिवस कडक उन्हात टाका. नॅफ्थलीन मांजरांना विषारी आहे.

ती छातीवर आली की दोन्ही हातांनी उचलून खोक्यात ठेवा, तिथेच गालावर बोट फिरवा. बोलू नका, दिवा लावू नका. २-३ आठवडे लागतात. एक दिवस चालवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी हाकललं, असं केलंत तर ती नुसती गोंधळते.

जुनाबोका
तिसरा प्रश्न. गरोदरपणात मांजराची भीती असते ती टोक्सोप्लाझ्मा या परजीवीमुळे. तो मांजराच्या शीतून पसरतो, कुशीत झोपण्याने नाही. पहिल्यांदा लागण झाल्यावर मांजर साधारण १ ते ३ आठवडे तो टाकते, आणि शी पडल्यावर तो लागण करण्याजोगा व्हायला १ ते ५ दिवस लागतात. म्हणून शीचा ट्रे रोज साफ झाला पाहिजे आणि तो सुनेने करू नये. घरातच राहणारं, कच्चं मांस न खाणारं मांजर कमी धोक्याचं. अर्धं शिजलेलं मटण, न धुतलेली कोशिंबीर, कुंडीतली माती याकडे जास्त लक्ष द्या. स्त्रीरोगतज्ज्ञांना घरात मांजर आहे हे सांगा, त्या रक्ततपासणी सुचवतील.

अंथरुणातला खरा प्रश्न पिसवा आणि गजकर्णाचा आहे. केस गळालेली गोल चकती दिसली तर उपचार होईपर्यंत बिछाना बंद.

शेवंती
तीन रात्री पाहिलं. दोनदा थेट वाटी, एकदा अंथरूण. दुखणं नाही हे कशावरून ठरवायचं?

पाऊलवाट
म्हणजे दोन्ही आहे. १०:३० चं खाणं आणि खोका एकाच दिवशी सुरू करा. दुखण्यासाठी: गाढ झोपेत श्वास मोजा, मिनिटाला ३० च्या वर सतत जात असतील तर दाखवा. उडी मारताना अडखळणं, पाठीला हात लावला की कातडी थरथरणं, अंग चाटून न घेणं, एकाएकी चिकटणं किंवा लपून बसणं, यातलं काहीही असेल तर पशुवैद्याकडे. २४ तास काहीच खाल्लं नाही तर वाट बघू नका. आणि घरातलं पॅरासिटामॉल कधीही देऊ नका, एक गोळीही जीव घेते.