'मॅश'मधलं तारखांचं गणित
कोरियन युद्धातल्या अमेरिकी लष्करी रुग्णालयावरच्या 'मॅश' या टीव्ही मालिकेतल्या चुकांबद्दल तुम्ही लिहिलंत. मालिकेचा नायक डॉक्टर हॉकआय याच्या पत्रात सुरुवातीला आई आणि बहीण असतात, पुढे तो एकुलता एक आणि आई लहानपणीच गेलेली, ही चूक तुम्ही बरोबर पकडलीत. पण मला तारखांचा घोळ जास्त खटकतो. रुग्णालयाचे नवे प्रमुख कर्नल पॉटर छावणीत रुजू होतात १९ सप्टेंबर १९५२ला. पुढे एका भागात मात्र १९५१चं अख्खं वर्ष दाखवलंय आणि त्यात नववर्षाच्या पार्टीत पॉटरच पुढे! तीन वर्षांचं कोरियन युद्ध अकरा वर्षं (१९७२ ते ८३) चालवायचं म्हटल्यावर तारखा ताणल्या जाणारच. तरी तो भाग मला फार आवडतो. पॉटरची भूमिका करणारे हॅरी मॉर्गन तर पॉटर होण्याआधी याच मालिकेत वेडसर जनरल म्हणूनही येऊन गेले होते, ते लक्षात आलं का?