ऊसतोड मजुरांचं मत फडाजवळच घ्यायला हवं: तुम्हाला काय वाटतं?

पाटोदेकर
२० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान होतं. माझा थोरला भाऊ आणि वहिनी त्या दिवशी कोल्हापूरकडच्या शिरोळ तालुक्यात उसाच्या एका फडात होते. दुपारी फोन लावला, तर वहिनी मोळ्या बांधत होती. म्हणाली, "कार्डं आणलीत की, कोपीत (झोपडीत) रेशनकार्डाच्या पिशवीत टांगलीत. पण हितं आमचं मत कोण घेतंय?" बीड जिल्ह्यातल्या आष्टी मतदारसंघातलं त्यांचं केंद्र तिथून तीनशे-साडेतीनशे किलोमीटर. जाऊन यायचं म्हटलं तर तोडणीचे दोन-तीन दिवस बुडतात, आणि तो खाडा टोळी आणणारा मुकादम उचलीच्या, म्हणजे आधी दिलेल्या पैशाच्या, हिशेबात मांडतो.

आधी ही अडचण एवढी नव्हती. २००९ चं मतदान १३ ऑक्टोबरला, २०१४ चं १५ ला, २०१९ चं २१ ला झालं. दसरा-दिवाळीच्या आगेमागे लोक गावातच असायचे. २०२४ ला कारखान्यांचं गाळप १५ नोव्हेंबरला सुरू आणि मतदान २० ला. विधानसभेची मुदत पहिल्या बैठकीपासून मोजतात, आणि या विधानसभेची पहिली बैठक डिसेंबरात झाली. म्हणजे २०२९ लाही मतदान ऐन हंगामात येऊ शकतं.

माझी मागणी साधी आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६० प्रमाणे निवडणूक आयोग सरकारशी विचारविनिमय करून एखाद्या वर्गाला टपाली मतदानासाठी अधिसूचित करू शकतो. ८५ वर्षांवरच्या मतदारांचं मत आता घरी जाऊन घेतात, अत्यावश्यक सेवेतल्यांना सोय आहे. मग ऊसतोड मजुरांना का नाही?

शिरोळचा बागायतदार
भाऊ, तळमळ समजते. पण माणूस पाच-सहा महिने आमच्याकडं राहतो, तर नाव इथंच नोंदवावं. पत्ता बदलायला आठ नंबरचा फॉर्म आहे, भरा आणि इथं मत द्या. रस्ता, पाणी, कोप्यांच्या जागेचा प्रश्न इथला आमदार सोडवणार आहे, आष्टीचा नाही. आणि कुणी गाळप पुढं ढकला म्हणेल त्याला आधीच सांगतो, आडसाली ऊस थांबत नाही. तुरा आला की वजन घटतं, रान मोकळं व्हायला उशीर झाला की गहू-हरभरा जातो. तो तोटा शेतकऱ्याच्याच अंगावर.

पाटोदेकर
दादा, गाळप ढकला असं मी म्हटलेलंच नाही. पण नाव इथं आणलं की तिथलं कटतं, दोन ठिकाणी ठेवता येत नाही. आणि पुढच्या वर्षी मुकादम माळशिरसला नेईल, नाहीतर सरळ निपाणीकडं, म्हणजे राज्यच बदललं. दर वर्षी फॉर्म भरायचा? कायदाच म्हणतो की तात्पुरतं बाहेर गेल्यानं माणसाचं राहतं ठिकाण बदलत नाही. म्हातारी आई, पोरांची शाळा, दीड एकर कोरडवाहू, सगळं पाटोद्यात. त्यांचा आमदार तोच.

निवृत्त केंद्राध्यक्ष
मी शिक्षिका होते. सात निवडणुकांत केंद्रावर काम केलं. सोय व्हायला हवी, पण टपाली मत फडात नेण्याला माझा ठाम विरोध आहे. केंद्रावर उमेदवारांचे प्रतिनिधी बसतात, पुठ्ठ्याच्या आडोशामागं माणूस एकटा असतो. फडात काय असेल? ज्याच्याकडून लाखभर उचल घेतली तो मुकादम दहा पावलांवर उभा. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईची मतपत्रिका कोण भरून देणार? घरून मतदानात मी स्वतः पाहिलंय, आजीच्या आधी मुलगाच बोट दाखवतो. तिथं निदान तो मुलगा असतो हो.

दूरस्थ मतदानाचं यंत्र आयोगानं डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केलं होतं. एका यंत्रावर ७२ मतदारसंघांपर्यंत. विरोधी पक्षांनी हरकती घेतल्या, ते तिथंच राहिलं. त्या हरकती फुकटच्या नव्हत्या. परगावच्या केंद्रावर आष्टीच्या अपक्ष उमेदवारानं प्रतिनिधी कुठून आणायचा?

पाटोदेकर
बाई, मुकादमाचं खरं आहे, मी नाकारत नाही. पण आज काय होतं ते बघा. ज्यांना मतदानाला गावी आणतात त्यांना जीप कुणीतरी पाठवतं. मतदारांची फुकट ने-आण उमेदवारासाठी भ्रष्ट आचार ठरते, तरी जीप येतेच. मग जीपवाल्याचं ऐकावं लागतं. म्हणजे दबाव दोन्हीकडं, आणि एकीकडं तर मतच नाही. काश्मिरी विस्थापितांसाठी जम्मूत आणि दिल्लीत खास केंद्रं चालतात. तालुक्याच्या शाळेत तसं एक केंद्र, मुकादमाला आवाराबाहेर ठेवून, असं का होऊ नये?

शिरोळचा बागायतदार
शाळेत केंद्र असेल तर माझी हरकत कमी होते. पण टोळ्या किती तालुक्यांतल्या, कोण कुठल्या यादीतला, हे आदल्या महिन्यात कळायला हवं. कारखान्याच्या चिटबॉयकडं, म्हणजे तोडणीचं काम बघणाऱ्या माणसाकडं, टोळीची यादी असते, ती निवडणूक कार्यालयाला दिली तर जमेल.

निवृत्त केंद्राध्यक्ष
नको. यादी कारखान्यानं द्यायची म्हणजे कोण मत देणार हे कारखान्यानं ठरवायचं. नोंदणी गावातच, टोळी निघायच्या आधी, बीएलओकडं (मतदार यादीचं काम बघणाऱ्या कर्मचाऱ्याकडं) व्हावी. मतदार स्वतः येऊन सांगेल की या हंगामात मी शिरोळला. तेवढं झालं तर शाळेतल्या केंद्राला मी हो म्हणेन. टपालाला अजूनही नाही.

पाटोदेकर
नोंदणी गावात, हे मान्य. मात्र आमच्याकडं टोळ्या रात्रीतून निघतात. ट्रक कधी लागणार हे आदल्या दिवशी कळतं. पोळ्यापासूनच बीएलओ वस्तीवर, तांड्यावर फिरायला हवा. गेल्या वर्षी वहिनीला विचारलं होतं, कुणी आलं होतं का. म्हणाली, मुकादम आला होता.