आईचा मायट्रल व्हॉल्व्ह : मेटलचा की टिश्यूचा?

प्रश्न (सक्करदरा, नागपूर)
माझी आई 61 वर्षांची आहे. लहानपणी आलेल्या र्‍हुमॅटिक तापामुळे तिच्या हृदयातला मायट्रल व्हॉल्व्ह (डाव्या बाजूची झडप) अरुंद झाला असून आता तो गळतोही आहे. त्यावर कॅल्शियम साचल्यामुळे फुग्याने उघडण्याचा पर्याय उरलेला नाही, बदलावाच लागेल, असे डॉक्टरांचे मत आहे. टिश्यूचा व्हॉल्व्ह दहा-पंधरा वर्षांत खराब होऊ शकतो आणि मेटलचा बसवला तर रक्त पातळ करणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. आई म्हणते, "काय ते एकदाच होऊ द्या." मला मात्र त्या गोळीचीच धास्ती वाटते.

उत्तर १
आईंच्या हृदयाचे ठोके अनियमित आहेत का, हे आधी विचारा. र्‍हुमॅटिक आजारात असे अनियमित ठोके, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, असेल, तर टिश्यूचा व्हॉल्व्ह बसवूनही गोळी बहुधा सुटत नाही, आणि मग त्याचा मुख्य फायदाच उरत नाही. आमच्या सासूबाईंच्या वेळी हा प्रश्न आम्हाला फार उशिरा सुचला.

उत्तर २ (मानेवाडा)
माझ्या पत्नीला मायट्रलच्या जागी मेटलचा व्हॉल्व्ह आहे आणि तिचा आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते दाखवणारा तपासणीतला आकडा) 2.5 ते 3.5 मध्ये ठेवायला सांगितला आहे. एका हिवाळ्यात तो अचानक 1.6 वर आला. गोळी एकदाही चुकली नव्हती. घरात आठवडाभर रोज हरभऱ्याची पालेभाजी शिजत होती, एवढेच कारण सापडले; पालेभाजीतल्या व्हिटॅमिन के मुळे गोळीचा परिणाम कमी होतो. पालेभाजी बंद करायची नसते, प्रमाण मात्र दर आठवड्याला सारखे ठेवावे लागते. कालनिर्णयावर दुधाच्या नोंदीखाली आम्ही रोज रात्री गोळीचे मिलिग्रॅम लिहितो, कारण एकदा दुकानातून 2 ऐवजी 1 मिलिग्रॅमची पट्टी आली होती आणि ते त्या नोंदीमुळेच लक्षात आले. चुकलेली गोळी दुसऱ्या दिवशी दुप्पट करून घेऊ नये. दुखण्यावर डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन मनाने देऊ नये. शौचास काळे झाले किंवा डोक्याला मार लागला, तर वरून काही दिसत नसले तरी लगेच रुग्णालय गाठावे.

उत्तर ३
तपासणीची कटकट नसलेल्या नव्या गोळ्या कोणी सुचवल्या, तर मेटलच्या व्हॉल्व्हला त्या चालत नाहीत. त्यांपैकी डॅबिगॅट्रान या गोळीच्या चाचणीत रक्ताच्या गाठी आणि रक्तस्राव दोन्ही जास्त आढळल्याने ती मध्येच थांबवावी लागली होती.

प्रश्नकर्ता
ईसीजीच्या कागदावर ठोके अनियमित असल्याचे लिहिले आहे. आम्ही ते वाचलेच नव्हते. सोमवारी तोच कागद घेऊन जातो.