'पासून'ला इंग्रजीत काय म्हणायचं? सिन्स, फॉर की फ्रॉम?

प्रश्न : ताई, रजेच्या अर्जात मी 'आय ॲम सफरिंग फ्रॉम फीवर सिन्स टू डेज' असं लिहिलं होतं. साहेबांनी 'सिन्स' खोडून 'फॉर' केलं. 'दोन दिवसांपासून ताप आहे' असंच म्हणतो ना आपण? आणि 'पासून' म्हणजे 'सिन्स' हे तर शाळेपासून पाठ आहे. मग चुकलं कुठे?

उत्तर : तुमचं मराठी अगदी बरोबर आहे. घोटाळा होतो तो 'पासून' फार ऐसपैस असल्यामुळे. 'सोमवारपासून ताप आहे' यात ताप कधी सुरू झाला ते सांगितलंय, तर 'दोन दिवसांपासून ताप आहे' यात किती दिवस झाले ते मोजलंय. मराठीला दोन्हीकडे एकच शब्दयोगी अव्यय पुरतं. जर्मन आणि फ्रेंचमध्येही एकाच शब्दावर भागतं, त्यामुळे ही चूक त्यांच्याकडचे विद्यार्थीही हमखास करतात. इंग्रजीत मात्र सुरुवातीला 'सिन्स' आणि मोजणीला 'फॉर'.

जुन्या इंग्रजीत 'त्यानंतर' अशा अर्थाचा 'सिथ्थन'सारखा एक शब्द होता. तोच झिजत झिजत 'सिन्स' झाला. म्हणून त्याला पुढे एखादा वार, साल किंवा घटना लागते. सोमवार, त्यानंतर ताप, हे समजतं. 'दोन दिवस, त्यानंतर ताप' म्हटलं की वेगळाच अर्थ होतो.

मी शिकवताना एक युक्ती सांगते, आणि ती मराठीतलीच आहे. वाक्यातून 'पासून' काढून बघा. 'दोन दिवस ताप आहे' हे वाक्य उभं राहतं, म्हणजे 'फॉर'. 'सोमवार ताप आहे' कोलमडतं, म्हणजे 'सिन्स'. 'सकाळ डोकं दुखतंय' असं कोणी म्हणत नाही, म्हणून 'सिन्स मॉर्निंग'. 'लहानपणापासून', '२०१५ पासून' यांचंही तेच. उलट 'गेल्या दोन दिवसांपासून'चं 'गेले दोन दिवस' सहज होतं, म्हणून 'फॉर द लास्ट टू डेज'. ऑफिसच्या पत्रांत सर्रास दिसणारं 'सिन्स लाँग'ही इथेच अडकतं. 'बऱ्याच काळापासून'चं 'बराच काळ' होतं ना? मग 'फॉर अ लाँग टाइम'.

ही युक्ती आजपर्यंत चालत आलेल्या गोष्टींपुरतीच. 'उद्यापासून रजेवर आहे' यात अजून काही सुरूच झालेलं नाही, तिथे 'फ्रॉम टुमॉरो'.

आता तुमच्या अर्जातली दुसरी गोष्ट, जी साहेबांच्या नजरेतून सुटली. 'सिन्स'चं 'फॉर' झालं, पण 'ॲम सफरिंग' तसंच राहिलं. 'ताप आहे' यातला वर्तमानकाळ आपण जसाच्या तसा उचलतो. इंग्रजीत मागे सुरू होऊन आजपर्यंत आलेल्या गोष्टीला 'हॅव' लागतो : 'आय हॅव हॅड अ फीवर फॉर टू डेज'. दोन 'हॅव' पाहून दचकू नका. पहिला काळाचा, दुसरा ताप 'असण्या'चा.

तापाचं एक वेळ चालून जाईल, पण नोकरीच्या मुलाखतीत हा 'हॅव' फार महत्त्वाचा. 'आय हॅव वर्क्ड देअर फॉर फाइव्ह इयर्स' म्हणजे पाच वर्षं तिथे आहे, अजूनही आहे. 'हॅव' गाळून 'आय वर्क्ड देअर फॉर फाइव्ह इयर्स' म्हटलंत, तर समोरचा समजतो की ती नोकरी सुटली. माझ्या एका विद्यार्थिनीला लगेच पुढचा प्रश्न आला, 'का सोडली?' तिने सोडलीच नव्हती. बिचारी गोंधळून गेली आणि पुढची दहा मिनिटं सावरलीच नाही. म्हणून 'सिन्स-फॉर'इतकाच वेळ मी या 'हॅव'ला देते.

प्रश्न : पण ताई, 'इट इज टू इयर्स सिन्स आय लेफ्ट होम' असं मी वाचलंय. इथे 'टू इयर्स' आणि 'सिन्स' दोन्ही आहेत की!

उत्तर : छान पकडलंत. पण 'सिन्स'च्या मागे काय आहे ते सोडा, पुढे काय आहे ते बघा. पुढे 'आय लेफ्ट होम' आहे, म्हणजे घटना. दोन वर्षं 'सिन्स'च्या आधी येऊन गेली. मराठीत हेच आपण 'घर सोडल्याला दोन वर्षं झाली' असं म्हणतो, आणि तिथे 'पासून' लागतच नाही.