घरचा सर्व्हर: जुना लॅपटॉप चालेल का? (चिपळूणजवळचं गाव, लाइट बेभरवशाची)

पडवीतला

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसता वाचनमात्र होतो, आज पहिलाच धागा काढतोय. चूकभूल द्यावी घ्यावी.

घरात चार फोन. माझा, बायकोचा, आईचा आणि बाबांचा. गूगल फोटोजचं फुकट अमर्याद साठवण जून २०२१ मध्ये बंद झालं तेव्हापासून पैसे भरतोय, आता ते २०० जीबीही भरत आले. बाबा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं एकही सुप्रभात पुसत नाहीत आणि त्यांना सांगायची माझी प्राज्ञा नाही. फोटो घरीच ठेवावेत असं डोक्यात आलंय. त्यासाठी इमिच (गूगल फोटोजसारखंच, पण आपल्याच मशीनवर चालणारं सॉफ्टवेअर) चांगलं आहे असं ऐकतो.

हाताशी एक जुना लॅपटॉप आहे. आठव्या पिढीचा आय५, ८ जीबी रॅम, बिजागरी तुटलेली. वर खर्चाला पंधरा हजार. तोच लॅपटॉप वापरू, रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक) घेऊ, की दोन डिस्कचा तयार नॅस (घरच्या नेटवर्कवर फाइली साठवायचा डबा)? इंटरनेट गावातल्या केबलवाल्याचं फायबर. मी आठवडाभर कामाला बाहेर असतो, तिथून फोटो दिसायला हवेत. पावसाळ्यात लाइट दिवसातून चारदा जाते, तेवढं धरून सांगा.

सरळसोट

दोन टीबीचा प्लॅन घ्या आणि पडवीत ताणून द्या. मी तीन वर्षं घरी सर्व्हर चालवला. फोटो राहिले, रविवार गेले.

मीटरवाला

सरळसोट यांना खोडत नाही, रविवार जातात. माझे तसेही क्रिकेट बघण्यातच गेले असते.

पडवीतले, लॅपटॉपच वापरा. पाय नको, नॅस तर अजिबात नको. तुम्ही विचारलंत मशीनचं, पण खरा प्रश्न शीर्षकातल्या कंसात टाकलात. लाइट.

माझा पहिला सर्व्हर म्हणजे ऑफिसातून निकाली निघालेला टॉवर. मोठ्या हौसेने माळ्याखाली मांडला. तिसऱ्या महिन्यात आईने वीजबिल ताटाशेजारी ठेवलं, बोलली काही नाही. मग पुण्याला तापकीर गल्लीतून प्लगात लावायचं वॅटमीटर आणलं. ते धूड काहीही न करता नुसतं बसून ७० वॅट खात होतं. महिन्याला ५० युनिट! आमचा फ्रिजही एवढं घेत नाही. टॉवर भंगारात गेला, मीटर मात्र अजून आहे. इथलं नाव त्यावरूनच घेतलंय.

मग पाय ४ घेतला, एसडी कार्डावरच सगळं. वीज नगण्य, आई खूश. आम्ही वाईकडचे. वळवाच्या एका पावसात अर्ध्या तासात लाइट सात वेळा आली-गेली (मोजली, कारण दुसरं काही करता येत नव्हतं). आठव्यांदा आली तेव्हा पाय सुरूच होईना. कार्डावर लिहिणं चालू असताना वीज तुटली की असं होतं. पायला एसएसडी जोडता येते, पण मग पाय, एसएसडी, अडॅप्टर, डबी अशी बेरीज करा आणि त्यात बॅटरी तरी कुठे आहे? सध्या माझ्याकडे कंपन्यांमधून लीज संपून परत आलेला एक मिनी पीसी आहे, आय५-८५००टी. असे लॅमिंग्टन रोडला ढिगाने मिळतात. इमिच चालू असताना एरवी १० वॅट, म्हणजे महिन्याला सव्वासात युनिट. पण त्यालाही यूपीएस लागलाच.

तुमच्या लॅपटॉपच्या पोटात यूपीएस आयता आहे. त्याला फक्त नीट वागवा.

बॅटरी आधी बघा. फुगलेली असेल, टचपॅड वर आला असेल, तर हा सगळा बेत रद्द. ती काढून टाका आणि लॅपटॉप साध्या यूपीएसवर चालवा. चांगली असेल तर महिनोन्‌महिने १०० टक्क्यांवर भरलेली ठेवू नका, त्यानेच फुगतात. बऱ्याच लॅपटॉपांत चार्जिंग ६० किंवा ८० टक्क्यांवर थांबवता येतं, कधी बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगांत), कधी लिनक्समधल्या टीएलपी नावाच्या पॅकेजातून. डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार) टाका, झाकण मिटल्यावर झोपू नकोस असं सांगा, बॅटरी २० टक्क्यांवर आली की शहाण्यासारखं बंद हो असंही सांगा. तुटकी बिजागरी कुणाला दिसणारच नाही.

आता गंमत अशी की सर्व्हर जागा आणि राउटर झोपलेला, तर काय उपयोग? राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही बहुतेक १२ व्होल्टवर चालतात. अडॅप्टरवर बघून घ्या, त्यासाठी छोटा मिनी यूपीएस मिळतो. माझं मत विचाराल तर या सगळ्या सामानात पैसे वसूल करणारी वस्तू हीच. सर्व्हर राहिला नाही तरी बाबांची सुप्रभातं थांबणार नाहीत.

आमच्या मिनी पीसीचा यूपीएस स्वस्तातला, यूएसबी नसलेला. लाइट गेली हे तो सर्व्हरला सांगूच शकत नाही. म्हणून जुगाड केलाय. स्वयंपाकघरातला एक स्मार्ट प्लग यूपीएसवर नाही. सर्व्हर त्याला दर मिनिटाला पिंग करतो, म्हणजे ‘आहेस का?’ विचारतो. पाच मिनिटं उत्तर नाही, म्हणजे लाइट गेली, म्हणजे बंद व्हायचं. वर्षभर झकास चाललं. मग एका रविवारी सर्व्हर सकाळी साडेदहाला आपोआप बंद, पुढच्या रविवारी परत तेच. लॉग चाळले, डिस्क तपासली, रॅम काढून घातली. शेवटी कळलं की इडली-चटणीच्या दिवशी बायको मिक्सरसाठी तो प्लग उपटून ठेवते.

आणखी एक खोडा, जो कुणी आधी सांगत नाही. बायोसमध्ये ‘वीज परत आली की सुरू हो’ असा पर्याय असतो. पण सर्व्हर शहाण्यासारखा बंद झाला आणि यूपीएस संपायच्या आत लाइट आली, तर सर्व्हरच्या दृष्टीने वीज कधी गेलीच नाही, तो ढिम्म बसून राहतो. यूपीएस यूएसबीवाला असेल तर एनयूटी हे सॉफ्टवेअर सर्व्हर बंद होता होता यूपीएसलाही आपला पुरवठा तोडायला सांगू शकतं, म्हणजे ही अडचण सुटते. आमच्याकडे आई बटण दाबते. तिला निळा दिवा माहीत आहे.

बाहेरून बघायचं म्हणता तर राउटरच्या पानावर वॅन आयपी (केबलवाल्याने राउटरला दिलेला पत्ता) बघा. १००.६४ ते १००.१२७ मध्ये सुरू होत असेल तर केबलवाल्याने तुम्हाला सीजीनॅटमागे ठेवलंय, म्हणजे बऱ्याच घरांत मिळून बाहेरचा पत्ता एकच; राउटरवर बाहेरून आत यायला पोर्ट उघडून काही होणार नाही. नसलात तरी उघडू नका. सर्व्हरवर आणि फोनवर टेलस्केल टाका, ते दोघांना खासगी बोगद्याने जोडतं, घरगुती वापराला फुकट आहे, आत वायरगार्ड हे व्हीपीएनच चालतं. त्याने दिलेला पत्ताही १०० नेच सुरू होईल, तेव्हा दचकू नका, दोघांनी एकाच राखीव पट्ट्यातून नंबर घेतलेत.

इमिच ऑक्टोबर २०२५ मध्ये २.० ला आलं आणि तेव्हा कुठे त्यांनी स्वतःच ‘स्थिर’ म्हटलं. त्याआधी तेच बजावायचे की फोटोंची एकमेव प्रत इथे ठेवू नका. माझं म्हणणं, ती सूचना तुम्ही अजूनही लागूच समजा. ८ जीबी रॅम पुरते. पहिल्यांदा चेहरे ओळखताना पंखा दोन-तीन रात्री बोंबलेल, बोंबलू द्या.

चौकट

नॅस ‘अजिबात नको’ हे जरा जास्तच होतंय. दोन डिस्क, रेड १ (दोन्हींवर तेच फोटो), एक डिस्क गेली तरी फोटो शाबूत. लॅपटॉपात ही सोय कुठाय? बाहेरून डिस्क लटकवणार?

मीटरवाला

हो, लटकवणार. चौकटराव, पंधरा हजारांत चांगला नॅसचा डबा आणि दोन बऱ्या डिस्क बसवून दाखवा, मी माघार घेतो.

आणि रेड म्हणजे बॅकअप नव्हे. एका डिस्कवरचा अल्बम चुकून पुसला तर रेड तितक्याच इमानाने दुसऱ्यावरचाही पुसतो. रेड धंद्यासाठी, जिथे एक तास बंद पडलं तर नुकसान आहे. आमच्या घरात फोटो दोन दिवस नाही दिसले तर आत्या फोन करून विचारते, एवढंच.

शिवाय कोकणातल्या विजा विसरलात. गेल्या वैशाखात आमच्याकडे गच्चीवरच्या कॅमेऱ्याच्या लॅन वायरीतून वीज आत आली. कॅमेरा गेला, नेटवर्क स्विचचे तीन पोर्ट गेले. एकाच डब्यातल्या दोन्ही डिस्क अशा वेळी जोडीनेच जातात. पडवीतले, गच्चीवर कॅमेरा असेल तर त्याची वायर आणि सर्व्हरची वायर एका स्विचमध्ये घालू नका.

माझी पद्धत अशी. आत एसएसडीवर सिस्टिम आणि इमिचचा डेटाबेस, बाहेर यूएसबी डिस्कवर फोटो, फॉरमॅट लिनक्सचा ईएक्सटी४, दुसरं काही नाही. तशीच आणखी एक डिस्क महिन्यातून एकदा जोडून रेस्टिक या सॉफ्टवेअरने बॅकअप, मग सुटी करून बहिणीच्या घरी, धान्याच्या कोठीवर. इमिच रोज रात्री दोन वाजता डेटाबेसची प्रत काढतं आणि शेवटच्या १४ ठेवतं, पण त्या प्रतीत फोटो नसतात! फक्त अल्बम, नावं, चेहरे. फोटोंचं फोल्डर आणि ही प्रत, दोन्ही न्या. आणि वर्षातून एकदा दुसऱ्याच मशीनवर परत उभं करून बघा. मी पहिल्यांदा केलं तेव्हा कळलं की रेस्टिकचा पासवर्ड मी ज्या फाइलमध्ये लिहिला होता, ती फाइल त्याच सर्व्हरवर होती.

कपाटातली वही

मीटरवाला, तुमच्या पासवर्डवरून आठवलं. आमच्याकडे सर्व्हर नवऱ्याचा, पण निस्तरायची वेळ माझी. तो चार महिने जर्मनीत होता तेव्हा राउटर बदलावा लागला. सासूबाईंच्या वर्षश्राद्धाला त्यांचा फोटो मोठा करून लावायचा होता, तो सर्व्हरवर, आणि सर्व्हर कुठल्या पत्त्यावर गेलाय ते मला कळेना. शेवटी एका मावशींच्या फोनमध्ये सापडला, अर्धा कापलेला. परत आल्यावर मी शंभर पानी वही आणली आणि त्याला म्हटलं, लिही. कुठलं बटण, कुठली वायर, कुठला पासवर्ड, कुणाला फोन करायचा. मराठीत. वही कपाटात, दागिन्यांच्या डब्याशेजारी.

तेव्हापासून मात्र मीच त्यात रमले. पेपरलेस-एनजीएक्स बघाच, स्कॅन केलेली कागदपत्रं ठेवायचं आणि शोधायचं सॉफ्टवेअर. सातबारा, फेरफार, घरपट्टीच्या पावत्या सगळं स्कॅन करून टाकलंय. ओसीआरमध्ये (स्कॅनमधला मजकूर वाचायच्या सोयीत) मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषा लावाव्या लागतात, मराठी आपण होऊन चालू नसते. छापील बरंच वाचतं. जुने हस्तलिखित फेरफार सोडून द्या, ते तलाठ्यालाही वाचता येत नव्हते.

इमिचमध्येही शोधाचं मॉडेल बदला. मूळचं इंग्रजीवर शिकलेलं आहे, ‘पुरणपोळी’ लिहिलं की काहीही दाखवतं. बहुभाषिक मॉडेल निवडून शोधाचं काम सगळ्या फोटोंवर पुन्हा चालवलं की मराठीत विचारता येतं. आईला ‘लाल साडी’ लिहून सापडलं तेव्हा ती मला सर्व्हरवाली म्हणायला लागली.

पडवीतला

सगळ्यांचे आभार. लॅपटॉप उघडला, बॅटरी सपाट आहे. डेबियन टाकलं, झाकण मिटून चालतोय. वॅटमीटर मित्राकडून आणलं, ७ वॅट दाखवतंय. वॅन आयपी १००.७२ ने सुरू होतोय, म्हणजे सीजीनॅट. मिनी यूपीएस आणि दोन यूएसबी डिस्क मागवल्या. वही बायकोने आधीच आणली, हा धागा तिने माझ्याआधी वाचला होता.

अडलंय ते गूगलमधून बाहेर काढताना. टेकआउटने (आपला डेटा उतरवून घ्यायची गूगलची सोय) झिपांचा ढीग दिला, उलगडल्या तर २०१४ च्या गणपतीचे फोटो सगळे आजच्या तारखेचे. मध्ये हजारो जेसन फाइली. हा कचरा पुसू का?

मीटरवाला

थांबा, पुसू नका! बऱ्याच तारखा आणि अल्बमची नावं त्याच जेसनमध्ये असतात. झिपा उलगडायचीही गरज नाही. इमिच-गो नावाचं अवजार आहे, त्याला अख्ख्या झिपा द्या, ते फोटो आणि जेसन जुळवून इमिचमध्ये चढवतं. सगळ्या झिपा एकदमच द्या. फोटो एका झिपेत आणि त्याचा जेसन दुसऱ्या झिपेत असं सर्रास असतं. टेकआउट परत काढायची वेळ आली तर ५० जीबीचे तुकडे मागा, २ जीबीच्या ढिगात एखादी राहून जाते आणि कळत नाही. दुवा आठवडाभरच चालतो, तेव्हा लाइट असेल त्या रात्री उतरवायला लावा.

गूगलवरचं इतक्यात काही काढू नका. दुसरी डिस्क कुणाच्या घरी जाणार ते ठरलं का?

पडवीतला

मेहुण्याकडे, गुहागरला. समुद्राची हवा आहे, पण हवाबंद डब्यात ठेवतो म्हणालाय.